इसारावर सही करण्याआधी

पांढुर्णा आणि सौंसर भागात घर विकत घेणारा माणूस बोलतो मराठीत, कागद वाचतो हिंदीत आणि सल्ला बहुधा नागपूरचा घेतो. मुलगा किंवा जावई नागपुरात असतो. तिथे फ्लॅट घेताना पाहिलेले टप्पे तो इथे सांगतो: सातबारा काढा, रेडीरेकनर बघा, साठेखत करून घ्या. पण इथे सातबारा नाही, खसरा आणि बी-वन आहे. रेडीरेकनरच्या जागी कलेक्टर गाईडलाईन आहे. साठेखताला इकरारनामा म्हणतात आणि त्यावरच्या मुद्रांकाचा हिशेब मध्य प्रदेशाचा लागतो. करार, मालमत्ता हस्तांतरण आणि नोंदणी यांचे मूळ कायदे केंद्राचे असल्याने वादाचा गाभा सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखा राहतो. जमिनीचे कायदे मात्र राज्याचे आहेत, आणि सौदा फसतो तो बहुधा त्यांतल्या एखाद्या कलमावर.

इसाराचे पैसे देऊन सही करण्याआधी काय तपासायचे, त्या सहीने नेमके काय पदरात पडते आणि सौदा मोडला तर पैशांचे काय होते, या तीन प्रश्नांवर कायदा आज कुठे उभा आहे ते इथे पाहायचे आहे. काही मुद्दे निकाली निघाले आहेत, काही मुद्दाम मोकळे ठेवले आहेत आणि काहींवर न्यायालयांनीच आपले मत बदलले आहे.

मालगुजारीपासून आजपर्यंत

हा सारा मुलूख जुन्या मध्य प्रांताचा. गावची मालकी मालगुजाराकडे, शेतकरी त्याच्या हाताखाली आणि गावठाणातली घरे ज्याच्या त्याच्या वहिवाटीत, अशी ती रचना होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि ३१ मार्च १९५१ पासून गावे सरकारकडे आली. गावठाणातल्या इमारती त्या वेळी ज्यांच्या होत्या त्यांच्याकडेच राहिल्या. घर राहिले, पण त्यासोबत खरेदीखत आलेच असे नाही. जुन्या वस्तीतल्या कितीतरी घरांच्या कागदांची सुरुवात म्हणून घरकराच्या पावतीखेरीज काही दाखवता येत नाही, त्याचे मूळ इथे आहे.

१९५६ मध्ये राज्य पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा, त्यातल्या मराठी पट्ट्यासह, मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून सीमेपलीकडचे नातेवाईक आणि अलीकडचे नातेवाईक वेगवेगळ्या जमीन कायद्यांखाली आले. इकडे २ ऑक्टोबर १९५९ पासून मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता लागू झाली. तिकडे विदर्भासाठी १९५८ चा कूळवहिवाट कायदा आला आणि त्याच्या कलम ८९ ने बिगर-शेतकऱ्याला शेतजमीन विकण्यावर बंधन घातले. मध्य प्रदेशात तसे सरसकट बंधन नाही. नोकरदार माणसाला इथे शेत घेता येते. त्यामुळे शेताचे तुकडे पाडून प्लॉट म्हणून विकण्याचा रस्ताही इथे अधिक मोकळा आहे. त्याकडे पुढे येऊच.

२०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. जमिनीच्या व्यवहारात याचा एक साधा अर्थ आहे. ज्या परवानग्यांसाठी छिंदवाड्याच्या कलेक्टरांकडे जावे लागे त्या आता पांढुर्ण्यात मागायच्या. जुन्या परवानग्या, जुने आदेश आणि जुने दावे मात्र छिंदवाड्याच्या नावाने निघतील. कागदांची साखळी जुळवताना दोन्ही जिल्ह्यांची नावे दिसली म्हणून दचकू नये, आणि कागद मिळत नाही म्हटल्यावर छिंदवाड्याची फेरी वगळूही नये.

रजिस्ट्री झाली म्हणजे मालकी झाली का

सगळ्या चर्चेचा पाया हाच प्रश्न आहे. १९०८ चा नोंदणी कायदा दस्तऐवज नोंदवतो, मालकी नव्हे. उपपंजीयक सही करणारा कोण आहे, मुद्रांक पुरा आहे का, दस्त नियमात बसतो का, हे पाहतो. विकणारा खरा मालक आहे का, हे पाहणे त्याचे काम नाही. तमिळनाडूने नियम करून ते काम उपपंजीयकाकडे सोपवू पाहिले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये के. गोपी खटल्यात तो नियम रद्द केला. बिहारने नामांतरणाचा पुरावा असल्याशिवाय नोंदणी नाही, असा नियम केला. तोही नोव्हेंबर २०२५ मध्ये समीउल्ला खटल्यात गेला.

महसुली नोंदीचेही असेच आहे. खसऱ्यात नाव आहे म्हणजे मालक आहे, ही समजूत गावोगाव पक्की बसली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ती अनेकदा मोडली आहे. २०२१ चा जितेंद्र सिंह विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा निकाल तर याच राज्यातला: नामांतरण हे सारा वसुलीच्या सोयीसाठी असते, त्याने मालकी मिळत नाही आणि जातही नाही. घरकराच्या पावतीचे वजन त्याहून कमी.

मग मालकीचा पुरावा तरी कोणता? उत्तर थोडे निराश करणारे आहे. भारतात मालकी गृहीत धरली जाते, तिची हमी कोणी देत नाही. ऑस्ट्रेलियात १८५८ पासून टोरेन्स पद्धत आहे. तिथे सरकारी नोंदवहीत नाव चढले की सरकार मालकीची हमी देते. आपल्याकडे तसे करावे अशी मांडणी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे डॉ. डी. सी. वाधवा यांनी १९८९ साली नियोजन आयोगाला दिलेल्या अहवालात केली. त्यानंतर संगणकीकरण झाले, नकाशे झाले आणि राजस्थानने २०१६ मध्ये शहरी जमिनीसाठी मालकी प्रमाणपत्राचा कायदाही केला. हमी मात्र देशभर कुठेच सार्वत्रिक झाली नाही.

हमी नसल्यामुळे खरेदीदार जे करतो ते खरे तर शक्यता गोळा करणे आहे. मागची तीस वर्षे तपासा, असे वकील म्हणतात. त्याला परंपरेखेरीज दोन कारणे आहेत. तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून आला असेल तर पुराव्याचा कायदा तो खरा मानू शकतो, आणि गहाण सोडवण्याची मुदतही तीस वर्षांची आहे. त्यामागे काही दडलेले असणारच नाही, असे मात्र नाही.

कोणते कागद आणि कुठे

शेतजमिनीवर किंवा तिच्यातून निघालेल्या प्लॉटवर घर असेल तर चालू वर्षाचा खसरा, बी-वन आणि नक्शा पाहायचा. हे तिन्ही आता ऑनलाइन मिळतात, पण मागच्या सालांचे खसरेही मागवावेत, कारण चालू नोंद फक्त शेवटचे नाव सांगते. पटवाऱ्याला सोबत नेऊन जागा आणि नक्शा जुळवून घेणे फुकट जात नाही. मोजणीशिवाय विकत घेतलेल्या प्लॉटचे भांडण शेजाऱ्याशी होते, विकणाऱ्याशी नाही. तो तेव्हा निघून गेलेला असतो.

त्यानंतर डायव्हर्शन. २०१८ च्या दुरुस्तीनंतर जमिनीचा वापर बदलताना जमीनधारकाने स्वतः आकारणी करून उपविभागीय अधिकाऱ्याला कळवण्याची सोय झाली. यातून नवा गोंधळ निर्माण झाला. काही जण ती सूचना म्हणजेच बांधकामाची परवानगी समजतात. तसे नाही. नगर तथा ग्राम निवेश खात्याचा आराखडा आणि नगरपालिकेची भवन अनुज्ञा या वेगळ्या गोष्टी आहेत. शेतात चुन्याच्या रेषा मारून पाडलेल्या प्लॉटना ले-आऊटची मंजुरी, कॉलनी विकासाची परवानगी आणि, जागा ५०० चौरस मीटरहून मोठी असेल तर, रेरा नोंदणी लागते. नुसती रजिस्ट्री झाली म्हणून कॉलनी वैध होत नाही. अवैध वसाहतींना नंतर सुविधा आणि मान्यता देण्याचे निर्णय राज्यात वेळोवेळी झाले. त्यामुळे ‘पुढे होऊन जाईल’ असे सांगणाऱ्यांचे म्हणणे अगदी खोटे म्हणता येत नाही. पण किंमत आजची द्यायची आणि मान्यता उद्याची घ्यायची, हा जुगार आहे, आणि तो खेळायचा तर माहीत असून खेळावा.

शहरातली जुनी जागा असेल तर ती नजूल आहे का, हा पहिला प्रश्न. नजूल म्हणजे सरकारी जमीन. घर बांधणाऱ्याचे, खालची जमीन पट्ट्याची. पट्ट्याची मुदत, नूतनीकरण आणि अटींचा भंग हे सगळे पाहावे लागते. सरकारने पट्ट्याने दिलेली जमीन कलेक्टरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, असे संहितेच्या कलम १६५ च्या पोटकलम ७-ब मध्ये आहे. गरीब कुटुंबांना वेगवेगळ्या योजनांत मिळालेले पट्टे पुढे इसारचिठ्ठीवर विकले जातात तेव्हा अडचण हीच येते. घेणारा वर्षानुवर्षे राहतो, कर भरतो, आणि त्याच्या नावावर काहीच होत नाही.

खेड्यातल्या गावठाणासाठी स्वामित्व योजनेचे कार्ड आले आहे. एप्रिल २०२० मध्ये ती सुरू झाली तेव्हा पहिल्या सहा राज्यांत मध्य प्रदेश होता. ड्रोनने मोजणी करून घराच्या जागेची नोंद करण्याचे ते काम आहे. या कार्डाने आबादीतल्या घराला पहिल्यांदाच सरकारी कागद मिळाला, हे मोठे आहे. पण मोजणीच्या दिवशी घरात जो राहत होता त्याचे नाव लागले आणि बाहेरगावी असलेल्या भावाचे राहिले, असे असेल तर कार्डाने भावाचा हक्क संपतो का? संपत नाही, असेच कायद्याचे आजवरचे वळण सांगते. त्यावरचे दावे अजून यायचे आहेत.

आदिवासी जमिनीची रेघ

महाराष्ट्रातून आलेला सल्ला सर्वांत जास्त तोकडा पडतो तो इथे. पांढुर्णा आणि सौंसर या जुन्या दोन्ही तहसिलींतले बरेच पटवारी हलके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात आहेत. राष्ट्रपतींच्या २००३ च्या आदेशात ते क्रमांकासह दिलेले आहेत. म्हणजे हा प्रश्न दूरच्या जंगलाचा नाही, इथल्याच गावांचा आहे.

कलम १६५ च्या पोटकलम ६ चे दोन भाग आहेत. राज्याने ज्या क्षेत्रासाठी तशी अधिसूचना काढली आहे तिथे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकताच येत नाही. परवानगीचा प्रश्नही येत नाही. बाकीच्या क्षेत्रात कलेक्टरची लेखी, कारणांसह परवानगी लागते. त्याहून कमी लोकांना ठाऊक असलेले कलम म्हणजे १७०-ब. २ ऑक्टोबर १९५९ पासून १९८० च्या दुरुस्तीपर्यंत जी शेतजमीन कधीतरी आदिवासीची होती आणि त्या दुरुस्तीच्या वेळी दुसऱ्याच्या ताब्यात होती, तिची माहिती ताबेदाराने उपविभागीय अधिकाऱ्याला द्यायची होती. ती मिळाली कशी, हे तो अधिकारी तपासू शकतो आणि फसवणूक दिसली तर जमीन परत देऊ शकतो. त्यामुळे विकणारा आज बिगर-आदिवासी आहे एवढ्याने भागत नाही. साखळीत १९५९ ते १९८० या काळात कोणाचे नाव होते, ते पाहावे लागते. तीस वर्षांचा शोध इथे पुरत नाही.

या तरतुदींविषयी दोन मते आहेत. एक म्हणते, यामुळे आदिवासी कुटुंबाला आपल्या जमिनीचा बाजारभाव मिळत नाही, कर्जही अडते, आणि व्यवहार चोरवाटेने होतात. दुसरे म्हणते, चोरवाट आहे हाच बंधन हवे असल्याचा पुरावा; ते काढले तर जमीन दहा वर्षांत हातची जाईल. नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्याने पेसाचे, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्याचे, नियम केले आणि अनुसूचित क्षेत्रातल्या जमिनीच्या बाबतीत ग्रामसभेला आवाज दिला. घर घेणाऱ्याने या वादात बाजू घेण्याची गरज नाही. दुसऱ्याच्या नावाने घ्या, नोकराच्या नावाने घ्या, असले सल्ले मात्र त्याने ऐकू नयेत. तो पैसा परत मिळवण्याची वाट कायदा ठेवत नाही.

बहिणींच्या सह्या

हिंदू उत्तराधिकार कायद्यात ९ सप्टेंबर २००५ ला मुलीला जन्मतः सहदायाद केले गेले आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने त्यावरच्या शंका संपवल्या. वडील २००५ मध्ये हयात असण्याची अट गेली. २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेल्या विक्री आणि वाटण्या सुरक्षित आहेत. तोंडी वाटणीचा दावा सहज मान्य करू नये, असेही न्यायालयाने सांगितले.

याचा व्यवहारातला अर्थ: वडिलोपार्जित घर दोन भावांनी विकायला काढले असेल तर बहिणींची नावे विचारायची. त्या सौंसरला असोत, काटोलला असोत की पुण्याला. त्यांनी हक्क सोडला असेल तर नोंदणीकृत लेख दाखवा म्हणायचे. अज्ञान मुलाचा स्वतंत्र हिस्सा असेल तर पालकाला न्यायालयाच्या परवानगीशिवाय तो विकता येत नाही. ‘बहिणीला सांगितलंय, तिची हरकत नाही’ हे वाक्य ऐकल्यावर व्यवहार थांबवणे असभ्य वाटते. तरी थांबवावा.

आधी इसार की आधी शोध

वकील आणि दलाल यांच्यात खरा मतभेद इथे आहे. एक पक्ष म्हणतो, शोध पुरा होईपर्यंत एक पैसाही देऊ नका. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे खरेदीदाराने मागितल्यावर कागद दाखवणे हे विकणाऱ्याचे कर्तव्यच आहे. साधी काळजी घेऊनही जो दोष खरेदीदाराला दिसला नसता तो सांगणेही विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. पण नोंदवलेला दस्त सगळ्यांना माहीत आहे असे कायदा मानतो. तो तुम्ही पाहिला नाही, ही सबब चालत नाही. तेव्हा पैसे देऊन मग शोध घेणे म्हणजे दोष आपल्या नावावर लिहून घेणे.

दुसरा पक्ष व्यवहार जास्त जाणतो. भाव ठरला आणि इसार दिला नाही तर उद्या दुसरा गिऱ्हाईक येतो. विकणारा आपली मूळ कागदपत्रे अनोळखी माणसाच्या वकिलाकडे फुकट देत नाही. संत्र्याचा किंवा कापसाचा पैसा हातात आला की सौदे एकदम होतात, तेव्हा महिनाभर थांबा म्हणणारा मागे पडतो. म्हणून थोडा इसार द्या, पण चिठ्ठीत अट घाला: मालकीत दोष निघाला, बँकेने कर्ज नाकारले किंवा परवानगी मिळाली नाही, तर रक्कम ठरल्या दिवसांत परत.

मला दुसरी वाट चालण्यासारखी वाटते, पण अट लिहिलेली असेल तरच. प्रत्यक्षात छापील नमुन्यावर नाव, रक्कम आणि ‘सौदा मोडल्यास इसार जप्त’ एवढेच असते, आणि परतीची अट घालायची राहून जाते. बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे कागद स्वच्छ, या समजुतीवरही फार विसंबू नये. बँकेचा वकील बँकेचा धोका पाहतो. घराच्या किमतीच्या तुलनेत कर्ज लहान असेल तर त्याची नजरही तेवढीच बारीक असते. मूळ कागद बँकेत ठेवून घेतलेल्या कर्जाची खूण रजिस्ट्रीत न दिसण्याची शक्यता असते. त्यासाठी मार्च २०११ पासून चालू असलेली सेरसाईची केंद्रीय नोंद पाहावी. मालमत्तेवर दावा चालू असताना झालेली खरेदी त्या दाव्याच्या निकालाला बांधलेली राहते. ई-कोर्ट्सवर विकणाऱ्याचे नाव घालून पाहायला फार वेळ लागत नाही.

बिल्डरकडून रेरा-नोंदणीकृत प्रकल्पात घर घेताना हा वाद बराचसा मिटतो. नोंदवलेल्या करारनाम्याशिवाय त्याला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. जुन्या घराच्या खरेदीला असे छत्र नाही.

सही केली, मग मिळाले काय

कायद्याचे उत्तर कोरडे आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ म्हणते, विक्रीच्या करारातून मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. खरेदीखत करून मागण्याचा हक्क तेवढा मिळतो. आगाऊ दिलेल्या रकमेपुरता बोजा कलम ५५ मधून मिळू शकतो. मुखत्यारपत्र, इसारचिठ्ठी आणि मृत्युपत्र यांची जुडी करून घर ‘विकण्याची’ पद्धत ११ ऑक्टोबर २०११ च्या सूरज लॅम्प निकालाने मोडीत काढली. तरी तशी जुडी आजही कोणीतरी दाखवतोच.

करार नोंदवावा की नाही, यावर दोन बाजू आहेत. २००१ च्या दुरुस्तीने ताब्यासह केलेल्या कराराला कलम ५३-अ चे संरक्षण हवे असेल तर नोंदणी सक्तीची केली. उत्तर प्रदेश आणि तमिळनाडू यांनी साध्या विक्री-करारालाही ती लावली. दुसरीकडे नोंदणी कायद्याच्या कलम ४९ च्या परंतुकाप्रमाणे न नोंदवलेला करारही, तो पुरा करून मागण्याच्या दाव्यात, पुरावा म्हणून चालतो. २०२३ च्या आर. हेमलता निकालात सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या सक्तीनंतरही तेच सांगितले. म्हणून काही वकील म्हणतात, नोंदणीचा खर्च कशाला? यावर मला पटणारा प्रतिवाद वेगळ्या जागी आहे. विकणाऱ्याने तेच घर दुसऱ्याला विकले आणि त्या दुसऱ्याला तुमच्या कराराची खबर नव्हती, तर विशिष्ट साहाय्य कायदा त्या दुसऱ्याला वाचवतो. तुमचा करार नोंदवलेला असेल तर ‘खबर नव्हती’ असे त्याला म्हणता येणे अवघड होते. खर्च त्यासाठी करायचा.

ताब्याची ओळ मात्र जपून लिहावी. २०१३ च्या ओमप्रकाश विरुद्ध लक्ष्मीनारायण खटल्यात, तोही मध्य प्रदेशातलाच, करारात ताबा दिल्याचे लिहिले होते. राज्याच्या मुद्रांक दुरुस्तीप्रमाणे असा करार खरेदीखतासारखा मानला जातो आणि मुद्रांकही तेवढाच लागतो. प्रत्यक्षात ताबा मिळाला नव्हता, हे म्हणणे न्यायालयाने ऐकले नाही. दस्तात लिहिलेले खरे धरले. कमी मुद्रांकाचा दस्त मुद्रांक आणि दंड भरेपर्यंत पुराव्यात घेतला जात नाही. ‘आज रोजी ताबा दिला’ असे वाक्य नमुन्यातून आपोआप येते. चावी मिळाली नसेल तर ते खोडून टाकायला सांगावे.

रोखीचा प्रश्न थोडक्यात. घरजमिनीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोख घेता येत नाही. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर खरेदीदाराने १ टक्का कर कापून भरायचा. एप्रिल २०२५ मध्ये आरबीएएनएमएस खटल्यात ७५ लाख रोख दिल्याचा दावा समोर आला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयांना सांगितले की दोन लाख किंवा जास्त रोखीचा दावा आला तर प्राप्तिकर खात्याला कळवा. गाईडलाईनपेक्षा जास्त रक्कम कागदाबाहेर देण्याची सवय असणाऱ्यांनी याचा अर्थ लावावा. सौदा मोडल्यावर ती रक्कम मागायला न्यायालयात गेलात तर पहिली नोटीस तुम्हालाच येऊ शकते.

सौदा मोडला तर

विकणारा फिरला तर कराराची पूर्तता मागण्याचा दावा ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांत करायचा. तारीख ठरलेली नसेल तर त्याने नकार दिल्याचे कळल्यापासून. आपण पैसे द्यायला सतत तयार होतो, हे खरेदीदाराला सिद्ध करावे लागते. बँकेच्या पासबुकात पैसे नाहीत आणि तोंडाने तयारी, हे चालत नाही. पूर्वी अशी पूर्तता देणे न्यायाधीशाच्या विवेकावर होते. १ ऑक्टोबर २०१८ पासून विशिष्ट साहाय्य कायद्याचे कलम १० बदलले आणि अटी पुऱ्या झाल्या तर पूर्तता द्यावी, असा कायदा झाला. हा बदल जुन्या करारांना लागू आहे का? २०२२ च्या कट्टा सुजाता रेड्डी निकालाने ‘नाही’ म्हटले. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुनर्विलोकनात तो निकालच परत घेतला गेला. २०१८ च्या आधीच्या करारांवर दावे लढणाऱ्यांसाठी हा मुद्दा पुन्हा हलता झाला आहे.

मुदतीबाबतही मतांचा झोका दिसतो. जमिनीच्या करारात वेळ हा गाभा मानायचा नाही, हा नियम घटनापीठाने १९९२ मध्ये चांद राणी खटल्यात मांडला. २०११ मध्ये शारदामणी कंदप्पन खटल्यात न्यायालयाने म्हटले की भाव झपाट्याने वाढत असताना हा जुना नियम पुन्हा तपासायला हवा. तेव्हापासून मुदतीच्या कलमाकडे न्यायाधीश अधिक कडकपणे पाहतात.

फिरणारा खरेदीदार असेल तर इसार जप्त होतो का? खराखुरा इसार, म्हणजे सौदा पाळण्याची हमी म्हणून दिलेली रक्कम, जप्त करता येते. किमतीचा हप्ता म्हणून दिलेली रक्कम तशी गिळता येत नाही. मे २०२५ च्या के. आर. सुरेश निकालात २० लाखांची जप्ती टिकली. खरेदीदाराने दाव्यात पर्यायी मागणी म्हणून रक्कम परत मागितलीच नव्हती, हेही त्यात त्याला भोवले. चिठ्ठीत ‘इसार’ किती आणि ‘आगाऊ किंमत’ किती हे वेगळे लिहिण्याचा फायदा तेव्हा कळतो. पण मोठी रक्कम इसार म्हणून लिहिली तर ती किती मोठी झाल्यावर दंड ठरते, याचे सरसकट ठरीव प्रमाण नाही.

संपदा आणि पुढे

मध्य प्रदेशात २०१५ पासून ई-पंजीयन आहे. १० ऑक्टोबर २०२४ ला भोपाळमध्ये त्याची नवी आवृत्ती, संपदा २.०, सुरू झाली. सेवा प्रदात्याकडे किंवा घरी बसून दस्त तयार होतो, ओळख आधारवरून पटते, जागा नकाशावर दिसते. २०१५ नंतरचा शोध त्यामुळे सोपा झाला. त्याआधीचा कागद अजून बांधलेल्या वह्यांत आहे, आणि आदिवासी जमिनीसाठी लागणारा १९५९ ते १९८० चा काळ पूर्णपणे त्यातच.

नोंदणीनंतरच्या नामांतरणासाठी संहितेने निर्विवाद प्रकरणात ३० दिवसांची आणि वादग्रस्त प्रकरणात पाच महिन्यांची मुदत घातली आहे. २०२२ मध्ये सीहोर आणि दतिया जिल्ह्यांत सुरू झालेली सायबर तहसील २९ फेब्रुवारी २०२४ ला राज्यभर गेली. रजिस्ट्री झाली की अर्ज न करता नामांतरणाची फाईल आपोआप उघडावी, हा तिचा हेतू. मात्र ती आखली गेली ती संपूर्ण खसरा क्रमांक विकला जाण्याच्या व्यवहारांसाठी. शेत विकणाऱ्याला ती उपयोगी. घर घेणारा बहुधा एका खसऱ्याच्या तुकड्यावरचा प्लॉट घेतो, आणि त्या तुकड्याला आधी बटांकन, म्हणजे नक्शावर स्वतंत्र क्रमांक, लागतो.

समीउल्ला निकालात न्यायालयाने नोंदणी आणि मालकी यांतली दरी बुजवण्यासाठी ब्लॉकचेनसारख्या तंत्राचा विचार करावा, असे विधी आयोगाला सुचवले आहे. समर्थक म्हणतात, एकदा साखळी बदलता येणार नाही अशी झाली की दुबार विक्री थांबेल. शंका घेणारे विचारतात, साखळीची पहिली कडी कोण तपासणार? पांढुर्ण्याच्या जुन्या वस्तीत ती पहिली कडी १९५१ च्या आधीची वहिवाट आहे. तिच्यावरचा हक्क आजही दिवाणी न्यायालयात साक्षीपुराव्याने ठरतो, आणि विकणारा ती तोंडी सांगतो तेव्हा शेजारपाजारच्या दोन म्हाताऱ्यांना विचारण्याखेरीज खरेदीदाराच्या हाती दुसरे साधन नसते.